दिवस आधी आलेलं लेकरू पाळणाघरात कधी ठेवावं?

आपल्या वस्तीत एक बोलणं अजून चालतं : सातव्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्यातल्या एकीच्या सुनेला आठव्या महिन्यात अचानक कळा सुरू झाल्या. सगळं घर हातपाय गाळून दवाखान्याच्या ओट्यावर बसलेलं, आणि शेजारच्या एका बाईने हेच बोलणं ऐकवलं. बाई काही वाईट मनाची नव्हती. पण बोलणं साफ खोटं आहे. आईच्या पोटात काढलेला एकेक आठवडा लेकराच्या कामी येतो. आठव्यातल्या लेकराला सातव्यातल्यापेक्षा आशा जास्तच असते.

ते लेकरू जगलं. मुलगी झाली. १९ ऑगस्टला जन्मली तेव्हा वजन १ किलो ४५० ग्रॅम. दिवस भरायची तारीख होती १४ ऑक्टोबर. म्हणजे बरोबर ८ आठवडे आधी. सव्वीस दिवस ती नवजात बाळांच्या कक्षात होती. घरी आली तेव्हा तळहातावर मावेल एवढीच वाटत होती.

आरोग्याचं हे पान आम्ही चौघी मिळून लिहितो. एक निवृत्त परिचारिका, एक आशाताई आणि दोघी बचत गटातल्या. या मुलीची आजी आमच्या चौघींतलीच. म्हणून या वेळचं पान पुस्तकातून कमी आणि घरातून जास्त आलं आहे. जे चुकलं तेही लिहितो. चुकलेलं झाकून ठेवलं तर पुढच्या घरात तेच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली. त्यातली ३० लाखांहून जास्त आपल्या देशात. म्हणजे हे कुणा एका घरावर कोसळलेलं आक्रीत नव्हे. अंगात रक्त कमी, रक्तदाब वाढलेला, जंतुसंसर्ग, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नाही, कोवळ्या वयात लग्न, नवव्या महिन्यापर्यंत वाकून केलेलं काम, अशी किती तरी कारणं असतात. पुष्कळदा तर कारण सापडतही नाही. सून जिन्यावरून भरभर उतरली म्हणून झालं, पपई खाल्ली म्हणून झालं, असं तिच्या माथी मारू नका. ती आधीच स्वतःला दोष देत बसलेली असते.

फेब्रुवारीतला फोन

सून लग्नाआधीपासून बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती, ठेकेदाराच्या हाताखाली. जालन्यातल्या बायांना सांगायला नको, की खरिपाच्या बियाण्याची गडबड होळीच्याही आधी सुरू होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराचा फोन आला : ‘‘सीझन लागला. येतीस का दुसरी बघू?’’

मुलगा औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात, तोही ठेक्यावर. घरभाडं थकलेलं, दवाखान्याच्या खेपांत बचत गटाचे पैसे उचललेले. आजी दोन घरची धुणी-भांडी करते. तिने काम सोडलं तर एक पगार गेला, सुनेने नाकारलं तर दुसरा. रात्री चुलीपुढे बोलणं झालं. मुलगी साडेपाच महिन्यांची झालीये, हसते, ओळखते, मग ठेवू गल्लीतल्या मावशीकडे. मावशी आधीच पाच लेकरं सांभाळायची. मायाळू बाई. दिवसाचे साठ रुपये.

सहाव्या दिवशी मुलीला सर्दी झाली. आठव्या दिवशी दूध ओढता ओढता दमायला लागली. रात्री आजीने अंगडं वर करून पाहिलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. १०८ ला फोन केला. आठ दिवस दवाखान्यात काढले, चार दिवस ऑक्सिजनवर. मावशीकडच्या पाचांपैकी दोघांना तोच खोकला होता. पण ती लेकरं अंगणात खेळत होती आणि आपली पोर पलंगावर धापा टाकत होती.

मावशीचा यात दोष नाही. ठरवणारे आम्ही होतो, आणि आमचा हिशेबच चुकला होता.

वयाचे दोन हिशेब

सुट्टी देताना बालरोगतज्ज्ञ बाईंनी आजीला विचारलं, ‘‘मुलगी किती महिन्यांची?’’ आजी म्हणाली, ‘‘सहा भरतील आता.’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘लसीसाठी सहा. बाकी सगळ्यासाठी चार.’’

हीच या लेखातली मुख्य गोष्ट, म्हणून नीट समजून घ्या. कमी दिवसांच्या लेकराला दोन वयं असतात. एक जन्मतारखेपासूनचं. दुसरं, दिवस भरायची जी तारीख होती तिथून मोजलेलं. या दुसऱ्याला डॉक्टर दुरुस्त वय म्हणतात. लेकराची मान कधी धरेल, पालथं कधी पडेल, बसेल कधी, वरचं खाणं कधी झेपेल, आईपासून दिवसभर दूर कधी राहील, हे सगळं दुरुस्त वयाने बघायचं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशेब धरतात, मग फरक मिटत जातो.

आमच्या मुलीची दिवस भरायची तारीख १४ ऑक्टोबर, म्हणजे आपल्या घरात कुणी विसरणार नाही अशी. तिथून सहा महिने मोजले की येते १४ एप्रिल. मग आजीने कॅलेंडरवर खूणच केली : दीक्षेच्या तारखेपासून जयंतीपर्यंत. जन्मतारखेने ती त्या दिवशी आठ महिन्यांची, पण अंगाने सहाचीच. तुमच्या लेकराची अशी सोयीची तारीख नसेल. सोनोग्राफीच्या कागदावर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर अपेक्षित तारीख लिहिलेली असते. ती शोधा आणि कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठी करून ठेवा.

अंगणवाडीत वजन मांडतानाही हे सांगा. जन्मतारखेने तक्त्यावर वजन टाकलं की असं लेकरू एकदम खालच्या पट्ट्यात दिसतं. सेविकाताई घाबरतात, आई घाबरते, आणि मग कुणी तरी चार महिन्यांच्या जिवाला बिस्किटं कालवून भरवायला लागतं. दुरुस्त वयाने टाकलं की कळतं, पोर आपल्या चालीने नीट चालली आहे.

लसीला मात्र दुरुस्त वय लावायचं नाही. ही गल्लत आम्ही फार घरांत पाहिली. ‘‘एवढुसं आहे, जरा अंग धरू दे, मग टोचू,’’ असं म्हणून लस पुढे ढकलतात. उलट आहे. ज्याचं अंग कमजोर त्याला लस आधी हवी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. त्यातल्या पंचगुणी लसीत डांग्या खोकला आणि घटसर्प आहेत, शिवाय न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूपासूनही ती वाचवते. न्यूमोनियाची आणखी एक वेगळी लस दीड आणि साडेतीन महिन्यांना असते, तिचा पुढचा डोस नऊ महिन्यांना, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर. आमच्या मुलीची दीड महिन्याची लस ३० सप्टेंबरला येत होती. तेव्हा तर तिची जन्माची खरी तारीखही उजाडली नव्हती. आजी टाळत होती. आमच्यातल्या आशाताईने ऐकलं नाही, दारात येऊन उभी राहिली. फेब्रुवारीच्या त्या आजारपणात डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि पहिली गोष्ट ही म्हणाल्या, की लसी वेळेवर झाल्यात हे बरं केलंत.

अशी लेकरं लवकर का दमतात? पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत फुप्फुसं पिकत असतात. रोगाशी लढणारी आईची शिदोरीही बहुतेक याच दिवसांत वारेतून लेकराला मिळते. जे आधी बाहेर आलं त्याच्याकडे ही शिदोरी अर्धीच. श्वासाच्या नळ्याही अरुंद. मोठ्या लेकराला ज्या सर्दीने नुसतं नाक गळतं, तिनेच याच्या नळ्या बंद होतात. म्हणून प्रश्न पाळणाघर चांगलं की वाईट एवढाच नाही. चांगल्या पाळणाघरातही दहा लेकरांच्या दहा सर्द्या असतातच.

लेकराकडे बघून ठरवायचं

मग नेमकं कधी? कॅलेंडरवरचा एक दिवस दाखवून कुणी डॉक्टर सांगत नाही, आम्हीही सांगणार नाही. दुरुस्त वयाचे सहा महिने ही आम्ही धरलेली खालची मर्यादा. त्याआधी शक्यतो एकाच माणसाने, घरातच सांभाळावं. ज्या लेकराला घरी आल्यावरही ऑक्सिजन लागला, ज्याच्या फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार सांगितलेला आहे, जे श्वास विसरत होतं, त्याला पहिला हिवाळा तरी चार लेकरांत नेऊ नये. त्याचं डॉक्टरच सांगतील.

बाकीच्यांसाठी आम्ही काय बघितलं ते लिहितो. वजन महिन्यामागे महिना चढतंय का, हे पहिलं. एखाद्या महिन्यात थांबलं असेल तर नेऊ नका, आधी का थांबलं ते शोधा. दूध पिताना मध्येच दम खाऊन सोडतं का, ओठ निळसर होतात का, घाम येतो का, हे दुसरं. आईशिवाय दुसऱ्याच्या हातून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पिऊन घेतं का, हे तिसरं, आणि याची तालीम घरातच करायची असते. बाटली लावू नका. पाण्याची बोंब असलेल्या वस्तीत बाटलीची बूच-निप्पल नीट उकळणं होत नाही, हे आपण एकमेकींना कशाला खोटं सांगायचं? वाटी-चमचा घासायला सोपा.

मान पक्की धरली पाहिजे. मान लटपटत असलेलं लेकरू झोळीत टाकलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. सहा लेकरं सांभाळणाऱ्या बाईला ते दिसतही नाही. आपल्याकडे साडीची झोळी म्हणजे अर्धी आई, हे खरं. पण कमी दिवसांच्या लेकराला निजवायचं ते सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर, उशी न देता.

डोळ्यांची तपासणी राहिलेली असेल तर पाळणाघर राहू द्या आणि आधी ती करा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या लेकराच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, फार लहान असेल तर त्याहीआधी. वरून डोळे टपोरे, छान दिसतात. आत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात, आणि वेळ गेली की दृष्टी जाते. एकदा बघून भागत नाही, डॉक्टर ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत जायचं. कानाची तपासणीही पहिल्या महिन्यातच करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अशा तपासण्या आणि पुढचे उपचार मोफत आहेत. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. दवाखान्यात गेल्यावर ‘डीईआयसी कुठे’ असं विचारा, लगेच कळेल. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे, हेही ध्यानात ठेवा.

सांभाळणारं माणूस, सांभाळायची जागा

लेकरू तयार झालं तरी जागा तयार असतेच असं नाही. जालन्यात पाळणाघर म्हटलं की डोळ्यापुढे रंगीत भिंती येत नाहीत. आपल्याकडचं पाळणाघर म्हणजे कुणाची तरी सासू, कुणाची मावशी, नाही तर शाळा सोडायला लावलेली थोरली बहीण. या शेवटच्या गोष्टीवर आम्हाला राग आहे, तो इथे लिहून ठेवतो. दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर कमी दिवसांचं लेकरू देऊन आई कामाला गेली, तर दोन लेकरांचं नुकसान होतं. श्वास अडला तर ती पोर काय करणार?

आम्ही तीन घरं पाहिली. दारात उभं राहून नाही, दुपारी बाराला न सांगता जाऊन, अर्धा तास बसून. पहिल्या घरात आठ लेकरं आणि एक खोली. दुसऱ्या घरातले आजोबा पंधरा दिवसांपासून खोकत होते. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे थुंकी तपासायलाच हवी. आम्ही त्यांना दवाखान्याची वाट दाखवली आणि लेकरू तिथे ठेवलं नाही. त्यांना वाईट वाटलं. वाटू द्यावं.

तिसरं घर एका विधवा काकूंचं. एकच दुसरं लेकरू, अडीच वर्षांचं. स्वयंपाक गॅसवर. पण काकू मिश्री लावायच्या. मिश्रीचं बोट आणि लेकराच्या तोंडातलं बोट एकच असतं हो! हे बोलायचं कुणी? आजी स्वतःही वीस वर्षं लावत होती. तिने काकूंना सांगितलं, ‘‘मी सोडत्ये, तुम्ही बी सोडा. न्हाई तर निदान साबणानं हात धुतल्याबगर पोरीला शिवू नका.’’ काकूंनी अजून सोडलेली नाही. हात मात्र धुतात, आम्ही पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट धुरीची. न्हाऊ घातलं की ओवा-वावडिंगाच्या धुरावर लेकरू धरायचं, हे आपल्याकडे मायेचं लक्षण समजतात. कमी दिवसांच्या फुप्फुसाला तो धूर म्हणजे चुलीत तोंड घातल्यासारखाच. बाळगुटी, मध, साखरपाणी काही नको. टाळूवर तेल थापणं, कानात-नाकात तेल सोडणं नको. नाकात सोडलेलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं. सांभाळणारं माणूस ऐकत नसेल तर ते माणूस आपल्या लेकरासाठी नव्हे. सळईच्या कारखान्यातून येणाऱ्या बापानेही आधी कपडे बदलून, आंघोळ करून मगच लेकरू उचलावं. आमच्या घरात हा नियम काढला तेव्हा मुलगा रुसला होता. आता तोच सगळ्यांना सांगतो.

दुधाचं सांगायचं राहिलं. आई कामावर जाण्याआधी हाताने दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवू शकते. गार खोलीत, २५ अंशांच्या आसपास, ते चार तास चांगलं राहतं. पण आपल्या पत्र्याच्या खोलीत चैत्र-वैशाखात पारा कुठे जातो ते ठाऊक आहे. तिथे या चार तासांवर विसंबू नका. फ्रीज असलेल्या घराशी बोलणी करा, तिथे चोवीस तास चालतं. नाही तर मधल्या सुट्टीत आईने येऊन पाजावं असं काम शोधा. गार दूध थेट चुलीवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं.

काकूंकडे एक कागद भिंतीला चिकटवला. त्यावर आईचा, बापाचा आणि आशाताईचा नंबर, १०८, आणि या चार ओळी : दूध घेणं बंद केलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, किंवा शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास होतात (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०). अंग गार पडलं किंवा तापलं. ओठ निळे, झटके, किंवा हलवूनही जागं होत नाही. यातलं एकही दिसलं तर आईची वाट बघायची नाही, गाडी बोलवायची. काकूंना वाचता येत नाही. म्हणून चारही गोष्टी त्यांच्याकडून तोंडपाठ म्हणून घेतल्या, आणि मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजायला शिकवलं. हे आशाताईने दोन दुपारी बसून केलं. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची आशाताईंची ही पद्धत मूळ गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या साध्या बायांना हे शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. अंगठा लावणाऱ्या बाईलाही श्वास मोजता येतो.

सरकारी पाळणाघराचंही विचारा. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात. त्याहून लहानांना तिथे वजन, लस आणि घरी न्यायचा आहार मिळतो. पण २०२२ पासून पाळणाघरांची केंद्राची योजना ‘पालना’ या नावाने चालते आणि तिच्यात काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघर असतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या भागात मंजूर आहे का ते पर्यवेक्षिकेला विचारा. नसेल तर पंचवीस आयांच्या सह्यांचा अर्ज द्या. तिथे सहा महिने जन्मतारखेने धरतील, तुम्ही दुरुस्त वयाने धरा.

रजा हा उपकार नव्हे

जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाजू मांडली, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कष्टकरी आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा २६ आठवडे केली, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. १९६१ च्या कायद्यातलं एक कलम मात्र फार थोड्यांना माहीत आहे. लेकरू दिवस आधी झाल्यामुळे आई आजारी असेल तर पुरावा दाखवून एक महिना जास्तीची पगारी रजा मिळते. शिवाय मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन जास्तीच्या सुट्ट्या.

आमच्या सुनेला यातलं काही मिळालं नाही. ठेकेदाराच्या वहीत तिचं नाव नुसतं पेन्सिलीने होतं. म्हणून कामाला लागतानाच हजेरीचा पुरावा जपा, ईएसआय कापतात का ते विचारा. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचं दाखवता आलं तर दाव्याला पाया मिळतो.

अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडचे वाचक म्हणतील, तुमचं बरंय, तुम्ही शहरात घरं तरी बघितली. आमचा कोयता दसऱ्या-दिवाळीला निघतो. खरं आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. उचल घेतलेली, एकटा गडी चालत नाही. फडावर पाचटाची कोपी, पहाटेचा गारठा, चुलीचा धूर, आणि लेकरू बांधाला गोधडीवर. कमी दिवसांचं लेकरू झालं असेल तर त्या एका हंगामाला आईला मागे ठेवता येईल का, नात्यातलं दुसरं माणूस त्या कोयत्यावर लावता येईल का, हे मुकादमाची उचल घेण्याआधी बोलायचं, नंतर नाही. जावंच लागलं तर लसीचं कार्ड आणि दवाखान्याचा कागद पिशवीत घालून न्या, आणि ज्या गावच्या फडावर जाल तिथल्या अंगणवाडीत आणि आशाताईकडे पहिल्या आठवड्यात नाव सांगा. लेकराला गोधडीवर टाकण्याऐवजी होईल तेवढं छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधा. ही रीत कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली दवाखान्यात पेट्या कमी पडल्या तेव्हा निघाली, आणि आज मोठमोठे दवाखाने तीच सांगतात. आई, आजी, बाप, कुणाच्याही छातीला ऊब तीच.

आमच्या मुलीला आम्ही १४ एप्रिलला मिरवणुकीत नेलं नाही. डीजेच्या भिंतीपुढे सहा महिन्यांचं काळीज कसं थरथरतं ते हात लावून बघा कधी. सकाळी विहारात वंदनेला नेलं आणि परत आणलं. २० एप्रिलला तिला पहिल्यांदा काकूंकडे ठेवलं, एक तास, आजी दाराबाहेर बसून. पुढच्या आठवड्यात दोन तास. ऊन तापलं तसं मे महिन्यात पंधरा दिवस थांबवलं. पाऊस पडल्यावर पुन्हा सुरू केलं, सोबत आईच्या अंगावरचं न धुतलेलं लुगड्याचं फडकं दिलं. आता ती सकाळी नऊ ते दोन राहते. मध्ये एकदा सर्दी झाली, तीन दिवस घरी ठेवली, निभावलं.

तो ठेकेदार थांबला नाही. सुनेला जूनमध्ये दुसरीकडे निवडाईचं काम मिळालं, रोज तीस रुपये कमी, पण वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर. दोन महिन्यांचा पगार बुडाला त्याचं कर्ज गटाकडून अजून फिटतंय.

येत्या १९ ऑगस्टला मुलगी वर्षाची होईल. विहारात खीर करायचं ठरलंय. वर्षाची झाली तरी अजून चालत का नाही, असं कुणी तरी विचारणारच. आजीचं उत्तर तयार आहे : ‘‘चालंल की. दहाच महिन्यांची हाय अजून.’’